भोजपूरची खुकुरी : अकरा महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, मी हत्यारं जमवणारा माणूस नाही. आमचं गाव कुडाळ तालुक्यात, घरी चार कोयत्या, दोन कुऱ्हाडी, बास. कामानिमित्त पूर्व नेपाळात संखुवासभा जिल्ह्यातल्या एका जलविद्युत प्रकल्पाच्या साइटवर आलो आणि पहिल्या आठवड्यातच कळलं की इथे छत्री, टॉर्च आणि खुकुरी (आपण कुकरी म्हणतो ते वाकड्या पात्याचं हत्यार) या तीन वस्तूंशिवाय माणूस अर्धवट आहे. आपल्याकडे कोकणात कसा कमरेला मागे आकडी लावून कोयती अडकवून माणूस निघतो, तसं इथे पटुका म्हणजे कमरेला गुंडाळलेलं लांब कापड, त्यात खुकुरी खोचायची आणि चालायला लागायचं. गवत, लाकूड, बांबू, बटाटे, खसी म्हणजे बोकड, सगळं त्या एकाच पात्याने.

तर मीही घेतली. पहिली चुकीची घेतली, तिची कथा आधी, कारण बहुतेक लोक तीच चूक करतात.

येताना काठमांडूत दोन दिवस होतो, ठमेलमध्ये, म्हणजे तिथल्या टुरिस्ट बाजारात, एका दुकानात शिरलो, आरशासारखं चकचकीत पातं, मुठीला पितळी सिंहाचं तोंड, म्यानावर नक्षी, दुकानदार म्हणाला की गुरखा पलटणीची हीच. साडेसहा हजार नेपाळी दिले, म्हणजे आपले चार हजारांच्या वर (आपले 100 म्हणजे तिथले 160, हा दर वर्षानुवर्षं बांधलेला आहे, हिशोब सोपा). साइटवर आल्यावर बांबूच्या पेरावर चार घाव घातले आणि धार पानासारखी वळली. तुटली नाही, वळली. महिनाभरात मूठ खुळखुळायला लागली. आमचा ड्रायव्हर दाइ (दाइ म्हणजे दादा) हातात घेऊन हसला, म्हणाला, "यो त सोकेसमा राख्ने हो, सर." शोकेसमध्ये ठेवायची. तिथेच आहे ती आता.

मेसवर जो वॉचमन आहे तो रिटायर्ड लाहुरे, म्हणजे फौजेत नोकरी करून आलेला, आपल्याच आर्मीच्या गोरखा रेजिमेंटमधला, पुण्यात पण काही वर्षं काढलेली. त्याला विचारलं की खरंच खुकुरी बाहेर काढली की रक्त दाखवल्याशिवाय परत ठेवत नाहीत का. तो तेव्हा कांदा चिरत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, कांद्याकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. त्यानेच सांगितलं की भोजपूरला जा, दुकानात नको, आरनमध्ये जा.

आरन म्हणजे लोहाराची भट्टी. भोजपूर इथून अरुण नदीच्या पलीकडे, हिले गावाकडून उतरून लेगुवाघाटला नदी ओलांडायची आणि मग परत डोंगर चढायचा, पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे विचारू नका. पण खुकुरी म्हटलं की पूर्वेकडे भोजपूरचंच नाव घेतात. मी गेलो तो आरन एका घराच्या मागच्या पडवीत, जमीन मातीची, कोपऱ्यात ट्रकचे जुने कमानपाटे रचून ठेवलेले. तेच स्टील. लोक 'हिमालयातलं पोलाद' वगैरे लिहितात, अहो ते टाटाच्या ट्रकचं पाटं आहे, आणि ते उत्तमच असतं, हजारो किलोचा भार घेऊन खड्ड्यातनं गेलेलं असतं ते. पाटं तोडायचं, तापवायचं, एकाने सांडशीत धरायचं, दुसऱ्याने घण घालायचा. दोघं मिळून दिवसाला साधारण एक होते म्हणाले.

मला जे बघायचं होतं ते पाणी देणं. आमच्या गावचा लोहार कोयतीला पाणी देताना लहानपणी बघितलंय, तो अख्खं टोक दोणीत बुडवायचा, चर्रर्र. इथे वेगळंच. तापून लाल झालेली खुकुरी धार वर करून धरली, आणि लोहार दाइने साधी चहाची किटली घेतली, काळी पडलेली, तोटीची, आणि धारेवरून पाण्याची बारीक धार ओतत ओतत या टोकाहून त्या टोकाला नेली, परत आणली. धारेकडची बोटभर पट्टी काळपट करडी झाली, पाठीचा भाग मात्र अजून लालच, मग हळूहळू तो विझला. सगळा खेळ तेवढ्या मिनिटाचा. धार कडक, पाठ नरम, म्हणजे घाव बसला तरी पातं मोडत नाही. याला नेपाळीत 'पाइन' म्हणतात, आपण 'पाणी'. ठमेलवालीत नेमकं हेच नव्हतं. घरी येऊन दोन्हींवर कानस घासून बघितली. आरनवालीच्या धारेवर कानस सटकते, काचेवर घासल्यासारखी, आणि पाठीवर नीट चावते. ठमेलवालीवर कानस सगळीकडे सारखीच चावते, लोण्यासारखी. कुणी घेणार असाल तर खिशात एक छोटी कानस ठेवा, दुकानदाराने घासू दिली नाही तर तेच उत्तर समजा.

माझी साडेदहा इंच पात्याची, पाठ मुठीजवळ 9 मिलिमीटर (व्हर्नियरने मोजली, सवय), मेसच्या काट्यावर 640 ग्रॅम, मूठ सिसौच्या लाकडाची. साडेचार हजार नेपाळी, आपले अठ्ठावीसशे. म्हशीच्या शिंगाची मूठ दिसायला भारी दिसते पण वाळली की तडकते असं दाइनेच सांगितलं, त्याला शिंगाचे जास्त पैसे मिळाले असते तरी सांगितलं. सिरुपाते नावाची एक बारीक, लांबुडकी असते, सिरु गवताच्या पात्यासारखी, फार देखणी, मन तिच्यावरच गेलं होतं, पण लाकडाला ती हलकी पडते. भोजपुरे जाडजूड. जाडच घेतली.

वापराचं म्हणाल तर वजन सगळं पुढे, पात्याच्या पोटाकडे, त्यामुळे ताकद लावायची नसते, फक्त उचलायची आणि सोडायची, मनगटाने शेवटी थोडी ओढायची. हे अंगवळणी पडायला मला महिना लागला, तोपर्यंत कोयतीसारखा मारत होतो आणि खांदा धरत होता. मनगटाएवढा ओला बांबू दोन घावांत. सरपणाला कुऱ्हाडीची आठवण येत नाही. भाजीला मात्र जाड पडते, टोमॅटो कापत नाही, चेपते. मुठीच्या मध्ये एक उंच कडं असतं कोरलेलं, माझे हात मोठे, ते नेमकं तळव्यात रुततं, पहिले दोन महिने फोड. शेवटी सँडपेपरने उतरवलं थोडं. मुठीजवळ पात्यात जी खाच असते, कौडी, तिच्याबद्दल दहा जण दहा गोष्टी सांगतात, गाईचं आचळ, शंकराचा त्रिशूळ, रक्त मुठीवर येऊ नये म्हणून. मला एवढंच कळलं की त्यात भाजीचे देठ अडकतात.

म्यानाच्या मागे दोन छोटी पाती असतात. कर्द म्हणजे चाकू आणि चकमक म्हणजे बोथट, धारेवर फिरवून वळलेली धार सरळ करायला. माझी कर्द टाकाऊ आहे, पेन्सिल पण होत नाही. चकमक मात्र रोज लागते. खरी धार लावायची तर ध्यानात ठेवा, हिची धार आपल्या सुरीसारखी सपाट उताराची नसते, फुगीर असते, तांदळाच्या दाण्यासारखी. सपाट दगडावर घासलीत की ती फुगीर ठेवण गेली. मी रबराच्या शीटवर सँडपेपर ठेवतो, आधी 400 चा मग 1000 चा, आणि पातं मागे ओढतो. कागद दबतो, गोलाई राहते.

आता रडगाणं. पाचव्या महिन्यात मूठ हलायला लागली. पात्याची शेपूट मुठीत घालून लाखेने चिकटवलेली असते, नेपाळीत लाहा, आणि मी ती तुमलिङटारच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर दिवसभर ठेवली, लाख मऊ झाली. चूक माझीच. शेपूट गॅसवर गरम करून परत दाबून बसवली, अजून टिकून आहे. पनवाल म्हणून एक प्रकार असतो, पट्टी पूर्ण मुठीतून जाते आणि दोन्ही बाजूंनी लाकूड ठोकून खिळे, परत घ्यायची तर तीच घेईन. धारेला एक तुकडा पडलाय, तांदळाच्या कणीएवढा, शटरिंगच्या फळीतला खिळा लागला, त्यालाही मीच जबाबदार. टोकाकडचा एक इंच मात्र जरा नरम आहे, किटलीचं पाणी तिथवर नीट पोचलं नसावं, ही हाताने केलेल्या वस्तूची गंमत म्हणायची की दोष, मला तरी दोषच वाटतो.

गंजाचं काय, कोकणातला माणूस मी, गंज काय असतो ते मला सांगू नका. इथे सगळे तोरीचं तेल लावतात, मोहरीचं. मीही लावत गेलो, महिनोन्महिने, पुसलं कधीच नाही, आणि ते वाळून डिंकासारखं झालं. एक दिवस खुकुरी दापातून निघेना (दाप म्हणजे म्यान, लाकूड आणि वर म्हशीचं कातडं). मी डाव्या मुठीत दाप घट्ट धरला, बोटं सगळीकडून आवळून, आणि हिसका दिला. पातं दापाची शिवण कापत बाहेर आलं आणि बरोबर तर्जनी. तीन टाके. वॉचमन म्हणाला, हे तर फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात, दाप नेहमी पाठीच्या बाजूने धरायचा, धारेच्या बाजूला बोट जाता कामा नये. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणजे रक्त दाखवलंच म्हणायचं शेवटी.

दशैंत, म्हणजे इथल्या दसऱ्यात, मजा आली. नवमीला आपल्याकडे खंडेनवमी, तशीच इथे हत्यारं, अवजारं, गाड्या पुजतात, फक्त इथे गाड्यांपुढे बोकड पडतो. आमच्या टिपरपुढेही पडला. मी माझ्या खुकुरीला हळदकुंकू लावलं, कुणाला वेगळं वाटलं नाही. पण कापायची वेळ आली तेव्हा ती कुकच्या हातात दिली. इथे एक म्हण आहे, अचानोको पीर खुकुरीले जान्दैन, अचानो म्हणजे खाटकाचा ओंडका, त्याचं दुःख खुकुरीला कळत नाही. आरनमधल्या दाइने ती मला वेगळ्याच विषयावर ऐकवली होती. गावाच्या अवजारांना वर्षभर धार लावून द्यायची आणि सुगीला धान्य घ्यायचं, आपल्या बलुत्यासारखी इथली बालीघरे, ती त्याच्या बापापर्यंत होती. लोहार म्हणजे कामी, दलित. कायद्याने भेदभाव 1963 सालीच बंद झाला, पण खुकुरी देवापुढे आणि ती घडवणारा उंबऱ्याबाहेर, हे त्याने स्वतः बघितलंय. मुलगा मलेशियात आहे. घण मारायला तो येणार नाही, असं तो म्हणाला, आणि त्यात तक्रार नव्हती.

आता माझ्या भिंतीवर लटकणाऱ्या तलवारीचं. दशैंच्या उत्साहात कोरा घेतला, नव्याच घडणीचा. कोरा म्हणजे बळीची तलवार, मुठीपासून अरुंद, मग आत वळते आणि टोकाला पंख्यासारखी पसरते, त्यावर कमळ कोरलेलं, धार आतल्या बाजूला. दीड किलोच्या आसपास. मुठीच्या दोन्ही बाजूंना चकत्या, त्यांच्यात माझा हात मावत नाही. गवत कापता येत नाही, लाकूड फोडता येत नाही, आणि घरीही नेता येत नाही. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारं येतात, कृपाण आणि खुकुरीचं नाव घेऊन लिहिलंय, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे पण कोऱ्याला शेतीचं अवजार कोण म्हणणार. जुनं काही घेत असाल तर नेपाळच्या पुरातत्त्व विभागाचा कागद लागतो, तेही लक्षात ठेवा. माझे सात हजार भिंतीवर लटकतायत.

घरी न्यायला म्हणून त्याच आरनमधून आठ इंची करून घेतली, पोटाशी रुंदी मोजून दोन इंचांच्या आत, चेक-इनच्या बॅगेत गोणपाटात गुंडाळून नेली. बाबांनी तिने नारळ सोलून बघितला, दोन फांद्या छाटल्या, आणि म्हणाले, "ह्याच्यापेक्षा आपली कोयतीच बरी रे." कारण कोयतीच्या चोचीने लांबची फांदी ओढून घेता येते, हिला चोच नाही. बरोबरच आहे त्यांचं. पण सरपणाला आता तीच काढतात, आईने सांगितलं फोनवर.

फाटलेला दाप बदलायला भोजपूरला पाठवलाय, आणि टोकाला परत पाणी द्यायला सांगितलंय. पाचशे रुपये म्हणाला दाइ, नेपाळी. शनिवारी सुट्टी, रस्ता चालू असला तर जाऊन आणेन.