एकच मिश्रण वाफ्यात चाललं, टबात नाही: घरी कालवलेल्या मातीचा अनुभव

माती, कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या सालीचा चुरा), तिन्ही सारख्या मापाने. घरच्या भाजीसाठी बहुतेक जण हेच मिश्रण सुचवतात आणि मीही तेच कालवलं. निम्मं जमिनीवर ठेवलेल्या बिनतळाच्या लाकडी चौकटीत भरलं. उरलेलं तळाला भोकं असलेल्या प्लास्टिकच्या टबांत आणि क्रेटमध्ये गेलं. झाडं तीच, पाणी तेच, ऊनही जवळपास सारखंच. आता काही महिने वापरून झालेत, तर आधी निकाल सांगते: चौकटीतल्या उंच वाफ्यासाठी हे मिश्रण उत्तम आहे, टबांसाठी मात्र ते जसंच्या तसं घेऊ नका. खत कमी पडतं म्हणून नव्हे, मुळांना हवा कमी पडते म्हणून.

सुरुवातीला दोन्हीकडे सारखंच छान होतं. बी पटापट उगवलं, पालक भरला, मिरचीची रोपं जोमात आली. मग टबातली माती खाली बसायला लागली. कडेपासून चार बोटं तरी खाली गेली. काही प्रमाणात हे होणारच, कारण कंपोस्ट कुजत राहतं आणि त्याचा आकार कमी होतो. पण नुसती पातळी खाली जात नाही. आतल्या मोठ्या पोकळ्याही मिटतात, बारीक कण त्यांत जाऊन बसतात. वाफ्यातली मातीही बसली होती, तिथे झाडांना काही झालं नाही. टबांमध्ये मात्र मिरचीची खालची पानं पिवळी पडली आणि टोमॅटो भर दुपारी मान टाकू लागला. माती तर ओली होती.

ओल्या मातीत कोमेजलेलं झाड हे लक्षण नीट ओळखायला हवं. पाहणारा म्हणतो पाणी कमी पडलं, आणि अजून पाणी घालतो. किंवा पिवळी पानं बघून खत घालतो. दोन्हींनी त्रास वाढतो. मी एका टबातलं झाड मुळांसकट उपसून पाहिलं. वरच्या भागातली मुळं पांढरी आणि भरघोस होती. तळाच्या वीतभर थरात तपकिरी, मऊ, आणि हाताने ओढली की वरची साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरत होता. त्या मातीला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. हवा संपली की मातीतले काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा हा वास. एवढं दिसल्यावर खताची पिशवी बाजूला ठेवायची.

मग वाफ्यात हे का झालं नाही? बिनतळाच्या चौकटीत मिश्रण खालच्या जमिनीला चिकटलेलं असतं, त्यामुळे जादा पाणी सलग खाली ओढलं जातं. टबात पाणी तळापर्यंत येतं आणि थांबतं. भोकं असली तरी बारीक पोकळ्यांतलं पाणी केशाकर्षणाने, म्हणजे स्पंज पाणी धरतो तसं, धरून ठेवलं जातं, त्यामुळे तळाशी एक थर कायम भिजून राहतो. मिश्रण जितकं बारीक, तितका हा थर जाड. टब उथळ असला म्हणून तो थर पातळ होत नाही, त्याची जाडी पोकळ्यांच्या आकारावर ठरते. म्हणून उथळ क्रेटमध्ये सगळ्यात आधी नुकसान झालं आणि खोल टबात नंतर.

याच कारणाने तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे पसरून निचरा सुधारत नाही. बारीक मातीतून पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, वरचा थर पूर्ण भिजल्यावरच उतरतं. म्हणजे भिजलेला थर तेवढाच राहतो, फक्त खड्यांच्या उंचीइतका वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकांवर माती गळू नये म्हणून जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

अंदाजावर न राहता हवा मोजता येते, आणि मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट हीच. प्लास्टिकची बाटली वरून कापून घ्यायची, तळाला भोकं पाडून ती चिकटपट्टीने बंद करायची. आत ठरावीक मापाचं, समजा एक लिटर, मिश्रण भरायचं आणि बाटली दोनचार वेळा हलकेच आपटायची. मग पाणी अगदी सावकाश सोडायचं, पृष्ठभाग चकाकेपर्यंत. रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी पाणी खाली गेलं असेल तर पुन्हा चकाकेपर्यंत भरायचं. आता बाटली परातीवर धरून पट्टी काढायची आणि थेंब थांबेपर्यंत पाणी गोळा करायचं. जेवढं पाणी निघालं तेवढी जागा आता हवेची. एक लिटरमागे 150 मिलिलिटर निघालं तर हवा 15 टक्के. टबासाठी 10 टक्क्यांच्या खाली गेलं की सावध व्हावं. माझ्या टबातल्या बसलेल्या मिश्रणातून जेमतेम 60 मिलिलिटर निघालं. एक लक्षात ठेवा, बाटलीची उंची बदलली की आकडा बदलतो. तेव्हा तुलना करताना बाटली एकच आणि भरण्याची उंचीही तीच ठेवायची.

उपाय म्हणून टबातल्या मिश्रणातून माती जवळजवळ काढूनच टाकली, पाचव्या हिश्श्याहून कमी ठेवली. कंपोस्ट एक चतुर्थांश, कोकोपीट तेवढंच, आणि बाकी सगळं जाडसर: परलाइट (खडक तापवून फुगवलेले पांढरे, हलके दाणे), कुजवलेली झाडाची साल, विटांचे 3 ते 8 मिलिमीटरचे तुकडे. विटा फोडल्या की चाळून घ्याच. खाली पडणारी भुकटी मिश्रणात गेली तर ती पोकळ्या भरते आणि सगळी मेहनत वाया जाते. बारीक वाळूचंही तेच. थोडी वाळू घालून चिकणमाती मोकळी होत नाही, वाळूच्या कणांमधल्या जागा चिकणमातीने भरून उलट घट्ट होते. परलाइट हलकं असल्याने पाण्याबरोबर वर तरंगून येतं, त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं की भागतं. कालवताना ते ओलं करून घ्या आणि नाकातोंडावर कापड बांधा, त्याची धूळ छातीला चांगली नाही.

पिवळेपणाचं दुसरं कारण एका टबात वेगळंच निघालं. तिथली माती मोकळी होती, वासही चांगला होता, पण जुनी पानं फिकट पडत होती आणि वाढ थांबली होती. त्यातलं पानांचं कंपोस्ट अर्धकच्चं होतं. कार्बन जास्त आणि नत्र कमी असलेलं काही मातीत गेलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात. ढोबळमानाने कार्बन नत्राच्या तीसपटीहून जास्त असेल तर हे घडतं. लाकडाच्या भुशात तर तो शेकडो पट असतो, म्हणून भुसा मिश्रणात मिसळू नये, वर पसरला तर चालतो. इथे मात्र नत्र देणं हाच उपाय होता. निंबोळी पेंड थोडी थोडी घातली आणि नवी पानं हिरवी आली. नवीन पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसत असतील तर ते प्रकरण लोहाचं, आणि बहुतेक वेळा मातीचा सामू (pH) वाढल्यामुळे. तिथे नत्र घालून उपयोग नाही.

कोकोपीटबद्दल माझी तक्रार आहे. त्याची दाबलेली वीट भिजवल्यावर निघालेलं पाणी गडद होतं आणि नुसतं त्यात लावलेल्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं. साध्या पाण्याने सुटे क्षार निघून जातात, पण काही भाग तंतूंना धरून बसतो. तो हटवायला कॅल्शियम लागतं, म्हणून कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून पुन्हा धुतात. हे करून घेतलेलं कोकोपीट मिळालं तर तेच घ्यावं. मातीवर पांढरी पुटं दिसली तर टबाच्या दुपटीइतकं पाणी सावकाश सोडून क्षार धुऊन काढायचे. अर्थात निचरा चांगला असेल तरच, नाहीतर आधीच गुदमरलेली मुळं बुडतात.

कडक उन्हात कोकोपीटचा आणखी एक त्रास होतो. पूर्ण वाळलं की ते आकसून टबाच्या भिंतीपासून सुटतं. ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट तळाला जातं आणि खालून वाहताना दिसतं, म्हणून वाटतं पाणी पुरेसं झालं. आतला गाभा कोरडाच असतो. बोट खुपसून बघा, नाहीतर टब उचलून वजनाचा अंदाज घ्या. उपाय एकच, टब पाण्याच्या घमेल्यात ठेवून खालून पाणी ओढू द्यायचं. बारीक काळ्या माश्या उडायला लागल्या तर वरचा थर वाळू द्या, बहुतेक कमी होतात.

गच्चीवर लाकडी वाफा ठेवणाऱ्यांसाठी: एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल वाफ्यात 300 लिटर मिश्रण मावतं, आणि माती असलेलं मिश्रण भिजल्यावर ते 300 किलोंच्या वर जाऊ शकतं. त्याला खाली फळी किंवा प्लास्टिक असेल, तर तो उथळ टबच समजून जाडसर मिश्रण भरा.

टबांमधलं मिश्रण आता प्रत्येक पीक निघाल्यावर बाहेर काढते, मुळं झटकते, बाटलीत हवा मोजते आणि कमी भरली तर जाडसर भर घालते. जमिनीवरच्या वाफ्यात काहीच उपसत नाही. वरून दोन बोटं कुजलेलं कंपोस्ट पसरते आणि त्यातच पुढचं बी टाकते.