बर्फाचं पॅकेज, बर्फ नाही: आमची गुलमर्ग ट्रिप

दिवाळी झाली की दरवर्षी कोण ना कोण मला फोन करतंय, तुम्ही काश्मीरला जाऊन आलाव ना, बर्फ मिळतो का, स्कीइंग जमतं का, पॅकेज कुणाकडनं घ्यायचं. दरवेळी अर्धा अर्धा तास तेच सांगून घसा बसायलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, यापुढं हेच पाठवणार.

आम्ही गेलो जानेवारी २०२४ ला, १७ ते २२. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता आणि दारूकाम, म्हणजे आतषबाजी, बघूनच निघायचं अशी आईची अट होती. मी, मिसेस, पोरगा, पोरगी आणि आई. पॅकेज आपल्या सोलापुरातल्याच एका ट्रॅव्हल्सकडनं, नाव लिहीत नाही कारण माणूस रोज भेटतो. माणशी ३८ हजार, पुण्याहून विमान, गुलमर्गला दोन रात्री. स्कीइंगचे दोन दिवस वेगळे, माणशी साडेचार हजार, मी आणि दोन पोरं मिळून साडेतेरा. सगळे पैसे नोव्हेंबरातच भरून मोकळा झालो, तीच पहिली चूक.

आता कुणी म्हणेल बर्फ पडला नाही म्हणून हा रडतोय. तसं नाही ओ. माझं स्वतःचं पोट हवामानावरच आहे. मेव्हण्याच्या शेतात मंगळवेढ्याकडं आम्ही हुरडा पार्टी चालवतो, डिसेंबर ते फेब्रुवारी. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी येती ती जमिनीतल्या ओलीवर, ओलच नाही तर कणसात काय भरणार, डोंबल? त्या वर्षी आमचा सीझन असा बसला की जानेवारीत मी मोकळा. नाहीतर हुरड्याच्या दिवसात मी गाव सोडत नाही. म्हणजे पावसानं माझा धंदा बसवला म्हणून मी फिरायला गेलो, आणि जिथं गेलो तिथं पण आभाळानं लोकांचा धंदा बसवलेला.

तिकडचं गणित मला तिथल्या ड्रायव्हरनं समजावलं, भला माणूस होता. आपल्याला जसा मान्सून तसं त्यांना हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ, भूमध्य समुद्राकडनं सरकत येणारी हवा, ती हिमालयाला धडकली की बर्फ. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान म्हणतात, कडक थंडीचे दिवस, त्यात पडलेला बर्फ मुरतो आणि टिकतो, नंतर पडलेला लवकर वितळतो. त्या वर्षी अख्खा डिसेंबर जवळपास कोरडा आणि जानेवारीचे तीन आठवडे पण कोरडे. म्हणजे आपल्याकडं जून, जुलै दोन्ही कोरडे जावेत तसं. दुपारी श्रीनगरात स्वेटर काढून हातात घ्यावा असं ऊन होतं, आणि आमच्या बॅगेत आईनं दोन सोलापुरी चादरी कोंबलेल्या.

१० तारखेला टीव्हीवर गुलमर्ग दाखवलं, सगळं पिवळं गवत. मी लगेच ट्रॅव्हल्सवाल्याला फोन लावला. तो म्हणे, "न्यूजवाले खालचं दाखवतात मालक, वर आहे की बर्फ." म्हटलं स्कीइंग होईल का? "होतंय की, आपली पार्टी परवाच येऊन गेली." आणि संध्याकाळी त्यानं फोटो पाठवले, गुडघाभर बर्फ, लाल जॅकेटातली फॅमिली हसायलीय. मी पण येडा, विश्वास ठेवला. नंतर पोरीनं तोच फोटो त्याच्याच पेजवर शोधून काढला, मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीतला. ती अकरा वर्षांची आहे आणि मी पन्नाशीला आलोय.

जाताना दिल्लीत धुक्यामुळं साडेपाच तास बसलो. पण तिथं बोर्डावर वेळ बदलत होती, माणूस येऊन सांगत होता अजून दोन तास लागतील, जेवणाचं कुपन दिलं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर होतीच, ते कुपन पोरांनी बर्गरमध्ये घातलं. पाच तास गेले पण डोकं फिरलं नाही.

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, वाटेत टंगमर्ग लागतं. तिथं गाडी थांबली आणि कोट, गमबूट भाड्यानं घ्या म्हणून दुकानात नेलं. बाहेर चक्क ऊन, रस्त्यावर धूळ, आणि दुकानदार गमबूट घालायला लावायलाय. मी म्हटलं भाऊ, बर्फ कुठाय? तो शांतपणे म्हणतो, "ऊपर ठंड है सर." थंडीला गमबूट कशाला ते मला आजपर्यंत कळलं नाही, पण पाच जोड घेतले, पॅकेजमध्ये हे धरलेलं नव्हतं अर्थात.

गुलमर्गला उतरलो. समुद्रसपाटीपासून २,६५० मीटरच्या आसपास उंची, मधे मोठ्ठं मैदान, ते उन्हाळ्यात गोल्फचं असतं. जानेवारीत तिथं पांढरं पाहिजे. होतं तपकिरी. पोरं क्रिकेट खेळत होती, घोडेवाले उभे, आणि स्लेजवाले, बर्फावरनं माणसं ओढत नेणारे, आपापल्या लाकडी स्लेजवर बसून बिड्या ओढायलेत कारण ओढायला दुसरं काही नाही. आईनं गाडीतनं उतरून चौफेर बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या लांब आणून अक्कलकोट रोडचं माळरानच दाखवलंस व्हय रे?" मिसेस हसत हसत खाली बसली. मला काही हसू येत नव्हतं, साडेतेरा हजार माझे गेले होते.

हॉटेल. याचं पण नाव नको. रूम बरी, जेवण गरम, पोरं गोड बोलणारी. पण रेट कार्डावर मोठ्या अक्षरात 'स्नो सीझन' आणि भाडं त्याच हिशोबानं. मी मॅनेजरला विचारलं की स्नो नाही तर स्नो सीझनचा रेट कसा, तो म्हणाला सीझन तारखेवर असतो सर, बर्फावर नाही. वाक्य ऐकायला एकदम कायदेशीर वाटतं. मग रूममधला हीटर रात्री अकरानंतर बंद, कारण काय तर लाइट वाचवायची. बर्फ नाही तरी रात्री बाहेरच्या नळाचं पाणी गोठत होतं आणि तुम्ही हीटर बंद करता? तिथं आईच्या चादरी कामाला आल्या, दोन्ही. सोलापुरी चादरीला पाचपैकी पाच.

गंडोलाला, म्हणजे तिथल्या केबल कारला, मात्र नावं ठेवणार नाही. १९९८ ला पहिला टप्पा चालू झाला, कोंगडोरीपर्यंत, २००५ ला दुसरा, वर अफरवाट डोंगराच्या अंगाला साधारण ३,९५० मीटरपर्यंत. तिकीट आधीच ऑनलाइन काढलेलं, लाइन सरकत होती. वरनं डोंगर दिसले तेव्हा आई पण गप्प झाली. वर सावलीच्या बाजूला जुना बर्फ होता, कडक, मळका, काचेसारखा. पोरांनी त्यावर पाय घसरवून घेतले, बर्फाचा गोळा करायला गेले तर हातात खडे आले. ट्रॅव्हल्सवाला तेवढ्यापुरता खरा बोलला होता, वर आहे की बर्फ. पण नवशिक्यांचं स्कीइंग खालच्या मैदानावर असतं हे त्यानं सांगितलं नाही, त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही, बारा वर्षं हाच धंदा करतोय.

आता स्कीइंग, ज्याच्यासाठी हे सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला एका इन्स्ट्रक्टरकडं सोपवलं. पंचविशीचा पोरगा. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग मैदानाकडं, आणि म्हणाला, सर मी खोटं बोलणार नाही, इथं आज स्कीइंग होत नाही, पण मागं झाडाखाली एक पट्टा आहे, मुलांना बूट घालून उभं राहायला, वळायला शिकवतो. तो पट्टा म्हणजे आमच्या गल्लीतल्या दोन घरांएवढा. त्या पोरानं दोन तास जीव लावून शिकवलं, गुडघे कसे वाकवायचे, टाचा बाहेर टाकून वेग कसा मारायचा, पडायचं कसं. पोरगी चौथ्यांदा पडली तरी उठून परत गेली. दुसऱ्या दिवसाला तो म्हणाला येऊ नका, उगीच पैसे कशाला, आणि त्याला मिळणाऱ्या हिश्श्यातले दीड हजार स्वतः माझ्या हातात ठेवले. मी घेत नव्हतो. त्याचा पण सीझन बसलेलाच ना, माझ्या हुरड्यासारखा. शेवटी हजार परत त्याच्या खिशात घातले आणि पाचशे घेतले, नाहीतर तो ऐकेना. अख्ख्या ट्रिपमध्ये हा एकच माणूस भेटला ज्यानं पैसे घ्यायच्या आधी खरं सांगितलं.

परत आल्यावर मी जरा वाचलं, की बर्फ नाही पडला तर जगात स्कीवाले करतात काय. मशीननं बर्फ करतात, पाणी आणि दाबाची हवा बारीक फवारायची, थंडीत त्याचा बर्फ होऊन खाली पडतो. नुसतं शून्य तापमान चालत नाही, हवेतला ओलावा धरून साधारण उणे दोन-तीनच्या खाली जावं लागतं, हवा कोरडी असली तर थोडं इकडंतिकडं चालतं. २०२२ चं बीजिंगचं हिवाळी ऑलिम्पिक जवळपास सगळं असल्याच बर्फावर झालं. आपल्याकडं औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तसली मशीनं आणली, पाण्याला तळं केलं, आणि तरीही फेब्रुवारी २०२३ ला तिथली राष्ट्रीय स्पर्धा बर्फ नाही म्हणून रद्द करावी लागली. म्हणजे मशीन आणलं की सुटलो असं पण नाही. आणि पाणी किती लागत असेल त्याला! आपण सोलापूरवाले चार-चार, पाच-पाच दिवसाआड नळाची वाट बघणारे, त्याच २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरणाची पातळी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली, किती खोल गेली होती आठवतंय ना, मला तर पाणी हवेत फवारायचं ऐकूनच कसंतरी झालं.

स्वित्झर्लंडमध्ये दावोसला हिवाळ्यातला बर्फ ढीग करून लाकडाच्या भुश्याखाली झाकून ठेवतात आणि पुढच्या सीझनला पसरतात. हे वाचून मी मेव्हण्याला म्हटलं, अरे ही तर आपल्या बर्फाच्या फॅक्टरीतली आयडिया, लग्नाच्या मठ्ठ्याला लादी आणायचो ती भुश्यातच गुंडाळून यायची. फ्रान्समध्ये एका ठिकाणी, लुशोंला, २०२० च्या फेब्रुवारीत हेलिकॉप्टरनं पन्नास टन बर्फ वरनं खाली आणून टाकला, आणि त्यावरनं लोकांनी त्यांना धुतलं. बरोबरच आहे, बर्फ आटतोय म्हणून इंधन जाळायचं, हे कसलं डोकं.

गुलमर्गला मला तसलं काही चालू दिसलं नाही आणि त्याबद्दल माझी तक्रार पण नाही. डोंगरावर मशीनं लावायची की नाही हा मोठ्या लोकांचा विषय. माझी तक्रार साडेतेरा हजारांची आणि एका फोटोची आहे.

सोलापुरात आल्यावर ऑफिसला गेलो. तो म्हणाला, "मालक, बर्फ देवाच्या हातात आहे." म्हटलं मान्य, पण फोटो कुणाच्या हातात होता? मग त्यानं बुकिंग फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं दाखवली, नैसर्गिक कारणामुळे सेवा न मिळाल्यास परतावा नाही. चहा पाजला, पुढच्या ट्रिपला दहा टक्के सूट देतो म्हणाला. मिसेस म्हणाली सोडा आता. सोडलं, पण डोक्यातनं गेलं नाही, कारण त्याच डिसेंबरात आम्ही काय केलं होतं? हुरडा भरलाच नाही म्हटल्यावर मेव्हणा आणि मी दोन दिवस बसून ज्यांचं बुकिंग होतं त्या सगळ्यांना फोन केले. दादा, यंदा कणीस पोकळ आहे, ॲडव्हान्स परत घ्या, नाहीतर नुसतं पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत खायला या, निम्म्या पैशात. निम्मे लोक आले पण. एकानं शिव्या दिल्या, त्याला पुण्याहून तीस माणसं आणायची होती. शिव्या खाल्ल्या, ॲडव्हान्स पाठवला. नुकसान झालंच, नाही कसं होणार, पण पुढच्या वर्षी तोच तीस माणसं घेऊन आला.

गंमत बघा, आम्ही घरी येऊन आठवडा होतोय तोवर तिकडं बर्फ चालू झाला, महिनाअखेरीला. आणि फेब्रुवारीत तर इतका पडला की तिथं खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा व्यवस्थित झाल्या, मी टीव्हीवर चादर पांघरून बघितल्या. पुढच्या वर्षी, २०२५ ला, परत उलटं, फेब्रुवारीच्या स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढं ढकलून मार्चमध्ये घेतल्या. त्यामुळं मला कुणी विचारलं कोणत्या तारखेला जाऊ तर मी फेब्रुवारीचा मधला भाग सांगतो आणि पुढं म्हणतो, ते पण खरं नाही.

जाणार असलाव तर गुलमर्ग बघाच, काश्मीरबद्दल माझं मन काळं नाही. फक्त स्कीइंगचे पैसे इथं भरू नका, तिथं मैदान डोळ्यानं बघून तिथल्याच पोराला द्या. ट्रॅव्हल्सवाल्याकडनं निघायच्या आदल्या दिवशीचा व्हिडिओ मागा, ज्यात माणूस आजची तारीख तोंडानं बोलतोय. गमबूट बर्फ दिसल्यावरच घ्या. आणि बर्फ नसला तर हॉटेलचा रेट किती हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा, मी विचारलं नाही. स्टार द्यायचे तर गंडोलाला चार, ड्रायव्हरला पाच, त्या इन्स्ट्रक्टर पोराला असतील तेवढे सगळे, हॉटेलला दोन, आणि आपल्या ट्रॅव्हल्सला एक, तो पण चहाचा.

परवा त्याचाच फोन आला होता. "मालक, यंदा बर्फ लई आहे, पोरांचं स्कीइंग राहिलंय ना, चला की." नोव्हेंबर चालू आहे, म्हटलं जानेवारीतला बर्फ तुला आत्ताच दिसला का बे? बरं, बर्फ नसला तर स्कीइंगचे पैसे परत, एवढं लेटरहेडवर लिहून पाठव, आजच भरतो. बघतो म्हणाला. अजून बघायलाय.