टोस्टर क्रमांक ९५४ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी घरात नवा टोस्टर आला. दोन स्लॉटचा, ८५० वॅटचा, स्टीलच्या अंगाचा. दुकानात याच बांधणीचे चार-पाच असतात, त्यातला एक उचलला. टोस्टरवर एवढं लांबलचक लिहिण्याचं कारण म्हणजे माझी गुरुवारची मंडळी. त्यांनी थट्टा करत करत या टोस्टरची जी तपासणी केली, तशी मी आजवर घरातल्या कुठल्याच यंत्राची केली नव्हती. आणि त्या थट्टेतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पुढे खरी निघाली.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दर गुरुवारी संध्याकाळी सात-आठ जण एका ज्येष्ठ मित्राच्या तळघरात जमतो. त्यांच्या प्रतिकृती-रेल्वेचा मांड, म्हणजे छोटे रूळ, बोगदे आणि गाड्या यांची मांडणी, तिथे आहे. ती एचओ स्केलची, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. माझी मुलगी त्यांना आजोबाच म्हणते. या मंडळींत ‘टोस्टर’ म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतं ते एईएम-७ हे विजेचं इंजिन. स्वीडनच्या आरसी-४ वरून बेतलेलं, अमेरिकेत बांधलेलं, १९८० मध्ये अ‍ॅमट्रॅकच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेच्या, सेवेत आलेलं. लांबी जेमतेम ५१ फूट, ताकद ७,००० अश्वशक्ती, वेग ताशी १२५ मैल. दिसायला चौकोनी डबा, म्हणून टोस्टर. आमच्या भागातून जाणाऱ्या वॉशिंग्टन-न्यूयॉर्क मार्गावर या इंजिनांनी पस्तीस-छत्तीस वर्षं गाड्या ओढल्या. १८ जून २०१६ ला अ‍ॅमट्रॅकने त्यांना निरोप दिला.

त्यामुळे ‘मी टोस्टर घेतला’ म्हटल्याबरोबर पहिला प्रश्न आला, “कुठल्या स्केलचा?” दुसरा, “कुठल्या रेल्वेच्या रंगात?” तिसरा, “डीसीसी बसवलेला, की नुसताच डीसीसी-रेडी?” डीसीसी म्हणजे रुळांतूनच वीज आणि आज्ञा दोन्ही पाठवायची पद्धत. प्रत्येक इंजिनात डीकोडर नावाची एक छोटी चकती असते आणि ती फक्त स्वतःच्या क्रमांकाची आज्ञा ऐकते. डीसीसी-रेडी म्हणजे डीकोडर नंतर बसवता येईल असं. पुढच्या गुरुवारी मी टोस्टरच घेऊन गेलो. आजोबांनी टेप लावली : २८ सेंटिमीटर. “एचओमध्ये धरला तर साडेचोवीस मीटरच्या आसपास.” मी म्हटलं, म्हणजे भारतातल्या रेल्वेच्या एलएचबी या नव्या धाटणीच्या प्रवासी डब्याएवढा. हे त्यांना इतकं आवडलं की वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी पत्र्याचा गेज काढला. चाकांमधलं अंतर, रुळांमधलं अंतर आणि बोगद्यातून गाडी घासल्याशिवाय जाईल का, हे सगळं त्या एका पत्र्यावर तपासता येतं. प्लग काढलेल्या टोस्टरच्या स्लॉटशी गेज धरून ते म्हणाले, “बोगदा अरुंद आहे. बेगल (मधे भोक असलेला जाड गोल पाव) आत जाईल, पण भिंतीला घासेल.” घरी येऊन मोजलं तर स्लॉट ३२ मिलिमीटर रुंद. साधा ब्रेड आरामात जातो. इंडियन स्टोअरमधला लादीपाव मात्र अडकतोच. तो आडवा कापून एकेक अर्ध सोडावं लागतं, आणि ते इतकं बुटकं की चिमट्याशिवाय बाहेर निघत नाही. चिमटा लाकडी घ्या आणि आधी प्लग काढा. पावासाठी टोस्टर घेणार असाल तर दुकानात स्लॉटची रुंदी मोजूनच घ्या. खोक्यावर वॅट छापलेले असतात, रुंदी नसते. एकदा शिळी भाकरी अर्धी करून सोडली होती. ती आतल्या जाळीत तुटली. गुरुवारी ती बातमी ‘गाडी रुळावरून घसरली’ अशी नोंदली गेली.

आता भाजण्याबद्दल. दर्शनी बटणावर १ ते ६ आकडे आहेत. आम्हाला ३ पुरतो. पण पहिली जोडी फिकी आणि लगेच लावलेली दुसरी जोडी काळपट, हे महिनाभर चाललं. मला वाटलं टायमर बिघडला. मंडळींनी सांगितलं, दोन इंजिनं जोडीने चालवण्याआधी त्यांचा वेग जुळवतोस ना, तसं घड्याळ लावून बघ. लावलं. पहिली जोडी २ मिनिटं ५ सेकंद, दुसरीही २ मिनिटं ५ सेकंद. टायमर चोख होता. तो फक्त वेळ मोजतो, आतल्या भिंती आधीच तापल्यात हे त्याला कळत नाही. तेव्हापासून दुसऱ्या जोडीला आकडा अडीचवर आणतो, आणि दोन्ही जोड्या एका रंगाच्या निघतात. माझी तक्रार एकच : डावीकडच्या स्लाइसची बाहेरची बाजू कायम थोडी पांढरी राहते. आठ महिन्यांत त्यात फरक पडलेला नाही.

ब्रेड वर येतो तो उडूनच. डीकोडरमध्ये सीव्ही म्हणून काही नोंदी असतात. तिसरी नोंद इंजिन किती सावकाश वेग घेईल ते ठरवते, चौथी किती सावकाश थांबेल ते. आमच्या टोस्टरची ‘चौथी नोंद शून्यावर आहे’ असं एकमताने ठरलं. लहान स्लाइस खरोखरच ओट्यावर पडते, म्हणून आता खाली ताटली ठेवतो.

सर्वांत अचूक निघाला तो कीप-अलाइव्हचा विनोद. मळलेल्या रुळावर वीज क्षणभर तुटली तरी इंजिन थांबू नये म्हणून आत एक कपॅसिटर बसवतात, तो कीप-अलाइव्ह. उन्हाळ्यातल्या वादळात घरचे दिवे एकदा लुकलुकले आणि त्याच क्षणी अर्धाकच्चा ब्रेड वर आला. टोस्टरची दांडी खाली धरून ठेवतो तो विद्युतचुंबक. वीज गेली की पकड सुटते. प्लग नसताना दांडी खाली टिकत नाही तीही त्यामुळेच. तार लाल असताना वीज गेली तर आत काही धुमसत राहू नये, म्हणून ही रचना मला अगदी योग्य वाटते. याला कीप-अलाइव्ह नाही तेच बरं.

विजेचं एक जपा. आमचं घर जुनं, स्वयंपाकघराचं सर्किट १५ अँपिअरचं. १२० व्होल्टला म्हणजे १,८०० वॅट. १,५०० ची किटली आणि ८५० चा टोस्टर एकदम लावले की ब्रेकर पडतो. आम्ही मोठ्या मांडाचे विजेचे वेगवेगळे विभाग करतो, तसं आता किटली दुसऱ्या भिंतीवर हलवली आहे. आमच्या मांडाला वीज देणारा पाच अँपिअरचा बूस्टर सुमारे ७५ वॅट देतो. हा टोस्टर चालवायला तसे अकराही पुरले नसते.

रूळ पुसायचा दिवस मांडावर ठरलेला असतो, तसा चुऱ्याचा ट्रे दर रविवारी ओढतो. तो सुरेख सरकतो. एक आठवडा चुकला तर जळका वास येतोच.

अ‍ॅमट्रॅकची ५४ एईएम-७ इंजिनं ९०० ते ९५३ अशा क्रमांकांची होती. दुसऱ्याच महिन्यात आजोबांनी उरलेल्या डेकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील आकड्यांच्या, कागदातून तीन आकडे कापले, बशीतल्या पाण्यात अर्धा मिनिट भिजवले आणि मुलीच्या हातून दांडीखालच्या पट्टीवर सरकवून बसवले : ९५४. ओल्या ब्रशने खालचा बुडबुडा कसा काढायचा तेही तिला शिकवलं. पट्टी कोमट होते आणि मी फडकं फिरवतो, म्हणून ४ चं टोक एव्हाना उडालं आहे. कागदावर अजून दोन ४ शिल्लक आहेत. मुलीने तो वहीत जपून ठेवला आहे.