फॉन्ट पानाचा की आपला? घरच्या कॉम्प्युटरवर मराठी साइटी नीट दिसाव्यात म्हणून तीन मार्ग

मराठी साइटी वाचताना फॉन्टची कटकट होत असेल तर घरच्या घरी करण्यासारखे मार्ग तीन. पहिला, एक चांगला फॉन्ट सिस्टिममध्ये टाकायचा, ब्राउझरला तो सांगून ठेवायचा आणि पानांच्या कारभारात लुडबूड करायची नाही. दुसरा, ब्राउझरला दम भरायचा की पान काहीही म्हणो, दाखवायचं ते माझ्याच फॉन्टात. तिसरा, साइटींचं रूप बदलू देणारं, ब्राउझरला जोडायचं स्टायलससारखं एक्स्टेन्शन घेऊन त्रासदायक साइटींपुरता नियम लिहायचा. तिन्ही मी बरेच दिवस वापरलेत आणि तिन्हींवर चिडूनही झालंय.

त्याआधी दुखणं कुठलं ते बघून घ्या, कारण काही दुखण्यांना या तिन्हींचा उपयोग नाही. रोमन ए वर तिरकी रेघ, शेजारी चलनाचं नाहीतर येनचं चिन्ह आणि हीच जोडी ओळभर नाचतेय, असं असेल तर एन्कोडिंग, म्हणजे बाइटांवरून अक्षरं ओळखायची पद्धत, चुकलंय. यूटीएफ-८ या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यातले पहिले दोन जवळजवळ ठरलेले, म्हणून ती जोडी. फायरफॉक्सच्या व्ह्यू मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे, ते दाबून बघा. 'मराठी'च्या जागी ई-जे-के-बी-एच अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर मजकूर कृतिदेवमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या जुन्या फॉन्टात, टाइप केलेला आहे. तिथे कृतिदेवच टाका किंवा मजकूर कन्व्हर्टरमधून काढा. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेली जागा देणारी पद्धत) पाळणारा फॉन्ट कितीही देखणा असला तरी तो ते पान वाचू शकत नाही.

रिकामे चौकोन मात्र आपल्या हातातले. फॉन्टात ते अक्षरच नाही, एवढाच त्याचा अर्थ. या चौकोनांना टोफू म्हणतात आणि 'नोटो' हे नाव 'नो टोफू'वरूनच आलंय. पण हल्ली पानभर चौकोन क्वचितच दिसतात. त्रास असतो तो अर्धवट दुखण्याचा. 'ॲप' शब्दातला ॲ घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फॉन्टांत ते नसणारच. मग ब्राउझर तेवढंच अक्षर दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टातून उचलतो आणि बारीक ओळीत एक जाडजूड ॲ येऊन बसतो. दुसरं उदाहरण 'दुसऱ्या'चं. मराठीत तिथे आडवी पापणी हवी. कमअस्सल फॉन्टात ऱ खाली पाय मोडून एकटा उभा राहतो आणि 'या' त्याच्या शेजारी, जणू ओळखच नाही. 'किनाऱ्यावरच्या वाऱ्याची तऱ्हा' एवढं कुठेही टाइप केलं की फॉन्टाची पात्रता कळते. माझी तरी परीक्षा हीच.

आता पहिला मार्ग. फॉन्टाच्या फाइलवर राइट-क्लिक करून इन्स्टॉल, ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू, आणि फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, फॉन्ट्स, ॲडव्हान्स्ड. तिथे सगळ्यात वर 'फॉन्ट्स फॉर' अशी यादी असते. ती देवनागरीवर आणल्याशिवाय खालचं काहीही बदलू नका. मी पहिल्यांदा लॅटिनचाच फॉन्ट बदलून बसलो आणि मराठीत फरक का पडत नाही म्हणून अर्धा तास फॉन्टाला दोष देत होतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये अशी लिपीनिहाय निवडच नाही. त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन लागतं आणि क्रोमबद्दल माझी पहिली तक्रार हीच आहे. फॉन्ट म्हणाल तर 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्त' नावाचा, दोन्ही फुकट आणि दोन्ही बरे. मला स्वतःला नोटो जरा कोरडा वाटतो, पण छोट्या आकारात तो डोळ्यांना कमी टोचतो.

या मार्गाची मर्यादा लवकरच कळते. पानाने स्वतः 'मंगल' या विंडोजच्या जुन्या देवनागरी फॉन्टाचं नाव घेतलं असेल आणि मंगल तुमच्या विंडोजवर असेल, तर ब्राउझर तुमच्या निवडीपर्यंत येतच नाही. तुम्ही नोटो टाकलाय, निवडलाय, तरी समोर तोच किडमिडीत मंगल. पानाने एरिअलसारखं देवनागरी नसलेलं नाव घेतलं असेल तरच तुमच्या फॉन्टाची पाळी येते. खरोखर कुठला फॉन्ट लागलाय हे बघायचं तर मजकुरावर राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट करा. फायरफॉक्समध्ये 'फॉन्ट्स' असा टॅबच आहे, क्रोममध्ये 'कम्प्युटेड'च्या तळाशी 'रेंडर्ड फॉन्ट्स' लिहिलेलं असतं. अंदाजाने भांडण्यापेक्षा हे बरं.

म्हणूनच दुसऱ्या मार्गाचा मोह होतो. त्याच ॲडव्हान्स्ड खिडकीत तळाला एक टिक असते, पानांना स्वतःचे फॉन्ट निवडू द्यायचे की नाही. ती काढली की काम फत्ते. मंगल गेला, हौशी नक्षीदार मथळे गेले, सगळीकडे एकच शांत अक्षर. पाच सेकंदांचं काम. पहिले काही दिवस मी भेटेल त्याला हाच सल्ला देत होतो.

मग एका संध्याकाळी एक बिल भरायला बसलो. रक्कम टाकली, पुढच्या पानावर गेलो आणि बटणांच्या जागी दोन चौकोन. एकावर पावती उतरवून घ्यायची खूण असावी, दुसऱ्यावर व्यवहार रद्द करायची. कुठली कुठली, ते कळायला मार्ग नाही. माउस वर धरला तर तिथेही काही नाव येईना. साइट बंद पडलीय, आपलं काहीच चुकलेलं नाही, अशा थाटात मी पान तीनदा रिफ्रेश केलं. दुसऱ्या एका साइटवर तर भिंगाच्या जागी इंग्रजीत 'सर्च' आणि मागे जायच्या बाणाच्या जागी 'ॲरो अंडरस्कोर बॅक' असं अख्खं लिहिलेलं, तेही शेजारच्या मजकुरावर चढलेलं.

कारण अगदी साधं आहे. हल्लीच्या कितीतरी साइटींवरच्या खुणा म्हणजे चित्रं नसतात, ती फॉन्टातली अक्षरं असतात. काही आयकॉन फॉन्ट युनिकोडच्या खासगी जागा वापरतात, त्यांचे चौकोन होतात. काही फॉन्ट इंग्रजी शब्दाचं जोडाक्षर करून बाण दाखवतात, त्यांचे उघडेवाघडे शब्द बाहेर पडतात. पानाचे फॉन्ट बंद केले की हेही बंद पडू शकतात. मराठी सुधारायला गेलो आणि बाण, भिंग, टोपली सगळं घालवून बसलो. मग सुरू झाला खेळ: वाचायला टिक काढायची, पैसे भरायला टिक लावायची, पान रिफ्रेश करायचं. आठवडाभरात एकदा तरी विसरायचोच. ही चीड प्रत्येकाला एवढी येईल असं नाही. फक्त बातम्या आणि लेख वाचत असाल तर कदाचित तुमच्या लक्षातही येणार नाही. माझ्यापुरता मात्र त्या दोन चौकोनांनी निकाल लावला.

तिसरा मार्ग ऐकायला अवघड आहे, पण तितका नाही. स्टायलसमध्ये आठ-दहा ओळींचा नियम लिहायचा: 'मंगल' नावाचा फॉन्ट मागितला तर माझ्या मशीनवरचा नोटो दे, तेही फक्त युनिकोडमधल्या देवनागरीच्या १२८ जागांपुरता. थोडक्यात नोटोला मंगलचं नाव द्यायचं. पान समजतं आपल्याला मंगल मिळाला, आपल्याला दिसतो नोटो, आणि आयकॉन फॉन्टाला कुणी हात लावत नाही. जागांची हद्द घालायला विसरू नका. माझ्या पहिल्या नियमात ती नव्हती आणि मंगलमधून येणारे इंग्रजी आकडेही बदलून गेले होते. यात कटकट एकच. दुसऱ्या साइटने दुसरं नाव घेतलं की आणखी ओळी वाढवायच्या. साइटने स्वतःचा वेबफॉन्ट पाठवला असेल तर त्या साइटचा वेगळा नियम करावा लागतो. माझ्याकडे आजवर चारच साचलेत.

एक अडचण नियमांच्याही आणि टाकलेल्या फॉन्टांच्याही वाट्याला येते. फायरफॉक्स ११८ पासून प्रायव्हेट विंडोत साइटींना फक्त सिस्टिमसोबत आलेले आणि भाषापॅकमधले फॉन्ट दिसतात. वापरणारा कोण हे फॉन्टांच्या यादीवरून ओळखता येऊ नये म्हणून ही सोय. प्रायव्हेट विंडो उघडली आणि जुनं रूप परत आलं, तर आपलं काही बिघडलेलं नाही असं समजा. वेलांट्यांचे शेंडे कापले जात असतील तर फॉन्ट बदलूनही फारसं साधत नाही. ओळींची उंची इंग्रजीच्या मापाने बेतलेली असते आणि रफार, वेलांटी वरून छाटली जाते. ओळ जरा सैल करायचा नियम स्टायलसमध्ये एका ओळीत होतो, इतर दोन मार्गांत जवळपास होतच नाही.

तेव्हा कुणी विचारलंच तर मी पहिल्या मार्गाने सुरुवात करा म्हणेन, आणि ज्या दोन-चार साइटी ऐकत नाहीत त्यांच्यापुरता तिसरा. टिक काढायचा मार्ग वाईट नाही, पण ती काढल्यावर लगेच एखादा फॉर्म भरून बघा, लेख वाचून ठरवू नका. आणि एखादाच लांब लेख नडत असेल, तर त्याच्यासाठी नियम कोण लिहीत बसणार? मी फायरफॉक्समध्ये एफ९ दाबतो, रीडर व्ह्यू, म्हणजे लेखाचा नुसता मजकूर दाखवणारं रूप, उघडतो. तिथे पानाचा फॉन्ट आपोआप बाजूला होतो आणि बिघडायला एकही बाण नसतो.