मांड पुन्हा बसवायची, तर लंज की मोकळं रिंगण?

पडल्यानंतर किंवा मोठ्या खंडानंतर पुन्हा खोगिरावर बसणाऱ्यापुढे बहुधा दोन वाटा असतात. प्रशिक्षकाने धरलेल्या लंजवर, म्हणजे घोड्याला वर्तुळात फिरवायच्या लांब दोरावर, लगामाविना बसायचं, किंवा रिंगणात स्वतः घोडा हाकत मधूनमधून रिकिबी सोडायच्या. मांड दोन्हींनी सुधारते. माझा कल लंजकडे गेला तो एकाच कारणाने: घाबरलेला हात.

तोल जाताच हात लगाम ओढतो. घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो, तो मान वर करतो, पाठ ताठ होऊन खाली दबते आणि दुडकीचे धक्के वाढतात. मग स्वार गुडघे आवळतो. आवळलेले गुडघेच त्याला खोगिरातून वर ढकलतात, पोटऱ्या मागे सरकतात, तोल आणखी ढळतो आणि हात पुन्हा ओढतो. ‘हात सैल सोड’ असं कितीही सांगितलं तरी तो सुटत नाही. लंजवर मुळात लगामच हातात नसतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नवे विद्यार्थी आधी असेच, रिकीब-लगामाविना घडवले जातात.

सुरुवात साध्या चालीत करावी. एका हाताने खोगिराच्या पुढची वादी धरायची, दुसरा हात खांद्याच्या उंचीला बाजूला. दोन्ही मांड्या क्षणभर खोगिरापासून उचलून सोडल्या, की बैठकीची हाडं कुठे टेकली ते नेमकं कळतं. रिकिबी खोगिरापुढे आडव्या टाकताना पट्ट्याचं बक्कल आधी थोडं खाली ओढावं, नाहीतर ते मांडीखाली रुततं. दुडकी दहा-बारा पावलंच, मग पुन्हा चाल. श्वास कोंडला की कंबर आखडते, म्हणून पावलं मोठ्याने मोजावीत.

लंजला शांत घोडा आणि दोर सांभाळणारा जाणता माणूस लागतो. तो नसेल तर घोड्याच्या गळ्यात धरायला गळपट्टा बांधून रिंगणच बरं. सततच्या वर्तुळाने घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो, त्यामुळे वर्तुळ सुमारे 20 मीटरचं ठेवावं, दोन्ही बाजूंना सारखं फिरवावं आणि धडा 20 मिनिटांत आटपावा. शिवाय ‘घोडा माझं ऐकेल का’ ही धास्ती लंजवर जात नाही. तिथे रिंगणच उजवं, आणि तोल जाण्याची भीती एकदा उतरल्यावर लंजला चिकटून राहण्यातही अर्थ नाही.

दोन्ही हात पसरून, गुडघे न आवळता दुडकीत दोन्ही बाजूंना एकेक पूर्ण फेरी जमली, की लंज सोडून लगाम हाती घ्यावा. सुरुवातीचे काही दिवस लगामाबरोबर गळपट्टाही एका बोटात अडकवून ठेवावा.