तोफगोळ्याचा गंज: व्हिनेगर की धुण्याचा सोडा?

ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला २९ डिसेंबर १८४३ रोजी शिंद्यांची फौज इंग्रजांशी लढली. अशा रानात मेटल डिटेक्टरला भरीव तोफगोळा लागला, तर गंज काढायचा कसा? व्हिनेगर स्वस्त, सोपं. पण ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. मुरलेले क्षार आतच राहतात, मग पुढे पापुद्रे सुटतात. या गोळ्यांपुढे आपली माणसं उभी होती, त्यांची खूण अशी झडू द्यायची? धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मंद वीजप्रवाह सोडला, तर आठवडे जातात, पण क्षार बाहेर येतात. नंतर पुन्हा गंज धरू नये म्हणून टॅनिक आम्ल, वर मेण. माझा कौल सोड्यालाच.

पोकळ गोळा मात्र हलवूही नका. आत स्फोटक दारू असू शकते, पोलिसांना बोलवा. आणि गुप्तधनाच्या १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या १० रुपयांवरच्या ऐवजाची खबर आधी कलेक्टरला.