बॅकअप सर्व्हरची जागा वाढवताना घेतलेलं ९३००-८आय कार्ड आणि १६ टीबीच्या आठ डिस्क : वापरून झाल्यावरचं मत

एसएएस ९३००-८आय हे एचबीए कार्ड, म्हणजे डिस्क मशीनला जोडणारं कार्ड (मूळ एलएसआयचं, आता ब्रॉडकॉमचं), तोशिबाच्या एमजी०८ मालिकेतल्या १६ टीबीच्या आठ डिस्क, आणि वर लिनक्सचं एमडीएडीएम हे सॉफ्टवेअर वापरून रेड ६ (अनेक डिस्कचा एक गट, ज्यात दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो), असा सगळा सेट आहे. बरेच महिने रोज रात्री यावर बॅकअप पडतोय म्हणून आता खात्रीने लिहिते. कार्ड एकदम भरवशाचं, डिस्क चांगल्या पण आवाज करतात, आणि केबल-पॉवरकडे मात्र वाटतं त्यापेक्षा खूप जास्त लक्ष द्यावं लागतं.

आधी कार्ड, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. नावं इतकी सारखी आहेत की ९३००-८आय आणि ९३६१-८आय शेजारी शेजारी दिसले की वाटतं दुसरं म्हणजे पहिल्याचंच सुधारित मॉडेल, पण ९३६१-८आय हे मेगारेड आहे, म्हणजे रेडचं काम कार्ड स्वतः करतं, आणि ९३००-८आय आयटी फर्मवेअरवर असेल तर डिस्क जशाच्या तशा ऑपरेटिंग सिस्टिमला देऊन मोकळं होतं. मला बॅकअप सर्व्हरसाठी हा डिस्क जशाच्या तशा देणारा प्रकारच हवा होता. विचार करा, हा सर्व्हर खरा कधी लागणार, तर मुख्य सर्व्हर गेला असेल त्या दिवशी, सगळे डोक्यावर उभे असताना, आणि नेमकं त्याच दिवशी रेड कार्डही गेलं तर बहुतेक वेळा त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड शोधत बसावं लागतं. एमडीएडीएममध्ये अ‍ॅरेची, म्हणजे डिस्कच्या गटाची, माहिती डिस्कवरच असते, त्यामुळे आठही डिस्क काढून कुठल्याही लिनक्स मशीनला लावल्या, असेंबलची एक कमांड दिली की अ‍ॅरे उभा राहतो. जुन्या मशीनवर मी हे मुद्दाम करून बघितलं, काही कुरकुर झाली नाही.

कार्ड वापरलेलं घेणार असाल तर आल्या आल्या एसएएस३फ्लॅश या टूलने फर्मवेअर कुठलं आहे ते बघा, आयआर (रेड करणारं) असेल तर आयटी टाकून घ्या. आणि त्यावर फक्त हीटसिंक आहे, पंखा नाही, कारण हे सर्व्हर केसमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलंय. साध्या टॉवर केसमध्ये लावलं तर शेजारी एक छोटा पंखा हवाच, नाहीतर हात लावता येत नाही इतकं तापतं.

आता स्पीड. खरं सांगायचं तर हा मुद्दा जवळजवळ गैरलागू आहे. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला साधारण ११० एमबी येतात आणि एमजी०८ ची एकटी डिस्क बाहेरच्या ट्रॅकवर २६० एमबीच्या आसपास देते. आठही डिस्क एकदम पळाल्या तरी २.१ जीबी होतात, कार्ड ज्या पीसीआयई ३.० स्लॉटमध्ये बसतं त्याच्या आठ लेनमधून जवळपास ८ जीबी जातं. म्हणजे जुनं ९२०७-८आय मिळत असेल तर तेही पुरेल, ९३००-८आयच्या १२ गिगाबिटच्या आकड्यासाठी जास्त पैसे घालवू नका. एसएसडी कॅश वगैरेची पण बॅकअपला गरज नाही.

डिस्क निवडताना मात्र एक गोष्ट तपासल्याशिवाय अजिबात घेऊ नका, ती म्हणजे सीएमआर की एसएमआर (डिस्कवर ट्रॅक लिहायच्या दोन पद्धती). एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि रिबिल्डच्या वेळी, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा बनवताना, डिस्क रखडते, कधी कधी इतकी की कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं होतं की त्यांच्या ‘रेड’ (Red, लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत, तेही नॅससाठी (नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या! त्यानंतर सीएमआरवाल्यांना ‘रेड प्लस’ (Red Plus) नाव दिलं. एमजी०८ सीएमआर आहे, हेलियम भरलेली, ७२०० आरपीएम, ५१२ एमबी कॅश, वर्षाला ५५० टीबी वर्कलोडचं रेटिंग आणि ५ वर्षांची वॉरंटी. आवाज आहे, लिहिताना सतत खडखड येते, झोपायच्या किंवा बसायच्या खोलीत ठेवायची ही वस्तू नाही.

रेड ५ (एकच डिस्क गेलेली चालते) की ६ यावर मी बराच विचार केला कारण रेड ५ मध्ये ११२ टीबी मिळत होते आणि ६ मध्ये ९६ (सिस्टिम दाखवते ८७.३ टेबीबाइट, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे). पण १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीने भरायची म्हटली तरी ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांच्या वर, आणि रात्रीचा बॅकअप चालू असेल तर अजून जास्त, आणि तेवढा वेळ उरलेल्या सातही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या स्पेकमध्ये १०^१४ बिटला एक न वाचता येणारी चूक लिहिलेली असते, म्हणजे १२.५ टीबीला एक, आणि इथे वाचायचे आहेत ११२ टीबी. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, एंटरप्राइज डिस्कचा आकडाही दहापट चांगला असतो, तरी बॅकअपच्या अ‍ॅरेला दुसरी पॅरिटी (डेटा परत बनवायची जादा माहिती) हवीच असं माझं ठाम मत आहे.

एमडीएडीएमऐवजी झेडएफएस ही स्वतःच रेड सांभाळणारी फाइल सिस्टिमही चांगलाच पर्याय आहे, ओपनझेडएफएस २.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून, तिच्या रेडझेड या रेड प्रकारात एकेक डिस्क वाढवता येते. आमच्याकडे बॅकअप बोर्ग या सॉफ्टवेअरने होतो आणि ते स्वतःचे चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचे आकडे) ठेवतं म्हणून एमडीएडीएमवर भागलं. तुमचं सॉफ्टवेअर तसं करत नसेल तर झेडएफएसच घ्या.

केबलबद्दल विक्रेते नीट सांगत नाहीत. या कार्डाला एका टोकाला एसएफएफ-८६४३ आणि दुसऱ्या टोकाला चार साटा तोंडं असलेली केबल लागते, आणि तीही फॉरवर्ड प्रकारची, म्हणजे कार्डाकडून डिस्ककडे जाणारी. रिव्हर्स केबल दिसायला अगदी तशीच असते, पण तिने एकही डिस्क दिसत नाही. एका दुकानाने आम्हाला तीच पाठवली होती, पाकिटावर काही लिहिलेलं नव्हतं. लावल्यावर स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यातला) १९९ नंबरचा सीआरसी एररचा आकडा बघत राहा, वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो, डिस्कचा नाही.

पॉवरचं म्हणाल तर सुरू होताना प्रत्येक डिस्क १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअरपर्यंत ओढते, आठ डिस्कचे १६ झाले, त्यामुळे पॉवर सप्लाय त्या हिशोबाने घ्या आणि स्वस्तातले प्लास्टिक ओतून बनवलेले मोलेक्स-टू-साटा जोड वापरू नका, ते वितळल्याची, जळल्याची उदाहरणं भरपूर आहेत. काही एंटरप्राइज डिस्क तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की फिरतच नाहीत, नवीन डिस्क मेलेली वाटली तर परत पाठवायच्या आधी हे तपासा.

अ‍ॅरे बनवायच्या आधी प्रत्येक डिस्कवर स्मार्टची लाँग टेस्ट आणि मग बॅडब्लॉक्स (पूर्ण डिस्क लिहून-वाचून तपासणारं टूल) चालवा, १६ टीबीला ब्लॉक साइज ४०९६ द्यावाच लागतो, नाहीतर ते सुरूच होत नाही. चार पॅटर्न लिहून वाचायचे म्हणजे आठवडाभर सहज जातो, पण डेटा पडायच्या आधीच कच्ची डिस्क सापडते.

एक उणीव उरते, कार्डाचे आठही पोर्ट आता भरलेत. पुढे वाढवायचं झालं तर एसएएस एक्सपांडर (एका पोर्टवर अनेक डिस्क चालवणारी चिप) असलेला बॅकप्लेन (डिस्क बसवायचा बोर्ड) घेणार, कार्ड तेच ठेवून.